छत्तीस ग्रोस बटणे

लाज मोजण्याचे एकक अद्याप कोणी ठरवलेले नाही. उष्णतेला आहे, आवाजाला आहे, भूकंपालाही आहे. लाजेला मात्र ‘थोडी’ आणि ‘मेल्याहून मेल्यासारखी’ या दोनच पायऱ्या उपलब्ध असून मधले सगळे अंतर अभ्यासाविना पडून आहे. बिनचूकांना ही उणीव पूर्वी कधी जाणवली नव्हती. एका सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, जेवणाच्या टेबलावर बटणांचे बावन्न ढीग आणि वर एकतीस सुटी बटणे मांडून ते बसले होते, तेव्हा ती प्रथम जाणवली.

बिनचूक हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे. एकतीस वर्षे त्यांनी धान्य तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. पोत्यातला नमुना घ्यायचा, तो तोलायचा, त्यातले खडे, किडके दाणे आणि ओल वेगळी काढून टक्केवारी लिहायची, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर तपासायला पोती उरली नाहीत, म्हणून ते सोसायटी तपासू लागले. जिन्याच्या पायऱ्यांची उंची, पाण्याच्या टाकीची पातळी, दूधवाल्याचे माप. त्यावरून सोसायटीने त्यांना हे नाव दिले. नाव देणाऱ्यांचा हेतू काय होता याची छाननी त्यांनी केली नाही. त्यांनी ते प्रशस्तिपत्र म्हणून ठेवून घेतले.

त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीसमोर चर्चचा मनोरा होता आणि मनोऱ्यावरचे घड्याळ अकरा मिनिटे मागे होते. कधी दहा, कधी बारा असे नव्हे; बारा महिने अकरा. चुकीत इतके सातत्य असणे बिनचूकांना अधिकच झोंबे. ते स्वतः श्रद्धाळू नव्हते. दर रविवारी पत्नीला चर्चच्या फाटकापर्यंत सोडत आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेरच्या दगडी बाकावर वर्तमानपत्र वाचत. देवाबद्दलचे मत त्यांनी पुराव्याअभावी राखून ठेवले होते. घड्याळाबाबत मात्र पुरावा रोज सकाळी डोळे उघडताच समोर असे. त्यांनी फादरना सात पत्रे लिहिली होती. सातव्या पत्रासोबत आलेखही जोडला होता.

आठव्या पत्राची वेळ येण्यापूर्वी फादर स्वतःच बाकावर येऊन बसले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. आलेख फार सुंदर आहे, असे ते म्हणाले. दुरुस्तीवाला येऊन घड्याळ पाहून गेला आहे, फक्त निधीपाशी घोडे अडले आहे. एखादा छोटासा कार्यक्रम करायचा विचार आहे, पण आमच्याकडे सगळा भावनेचा कारभार. नेमकेपणाने काम करणारा माणूस मिळत नाही.

नेमकेपणा हा शब्द ऐकून बिनचूकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घरी परतताना वाटेतच पत्नी म्हणाली, “फादरनी सात वर्षं तुमची पत्रं वाचली. एका वाक्यात फेडून टाकली.”

कार्यक्रम काय करावा यावर सल्ल्यांची उणीव पडली नाही. तळमजल्यावर विमेकाका राहत. हे निवृत्त विमा एजंट असून समोरचा माणूस किती वर्षे जगेल याचा अंदाज घेत बोलण्याची त्यांची सवय सुटलेली नव्हती. त्यांनी सोडत काढायला सांगितले. तिकिटे खपवा, डोळे मिटून चिठ्ठी उचला, मोकळे व्हा. समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्यांनी दोरीखेच सुचवली, आणि खाऊचे दुकान लावलेत तर मी येणार नाही, असेही बजावले. चर्चमध्ये पत्नीच्या बाकावर बसणाऱ्या तिघीजणींनी गायनाचे तीन वेगवेगळे कार्यक्रम सुचवले. तिन्हींत गायिका ती ती सुचवणारीच होती.

बिनचूकांनी सर्व सूचना तारीखवार नोंदवल्या आणि सर्व फेटाळल्या. सोडत म्हणजे नशीब, आणि नशीब ही संकल्पना त्यांना मान्य नव्हती. ज्यात बुद्धी लागेल, निरीक्षण लागेल, असा खेळ हवा. एक मोठी काचेची बरणी बटणांनी भरावी, लोकांनी तिकीट घेऊन बटणांची संख्या सांगावी, सर्वांत जवळचा आकडा सांगेल त्याला बक्षीस. यातून निधी मिळेल आणि समाजात अंदाजशास्त्राची रुजवण होईल, असे त्यांनी फादरना लेखी कळवले. रुजवण व्हावी, असे फादर म्हणाले.

बटणे टेलरमास्तरांनी दिली. चर्चच्या फाटकासमोरच त्यांचे दुकान होते. बरणी भरत असताना दुकानाच्या कोपऱ्यात काजवाल्या मावशी बसल्या होत्या. शर्टांना हाताने काजे करणे आणि बटणे लावणे हे त्यांचे काम. सत्तावीस वर्षे त्या त्याच स्टुलावर बसून ते करीत होत्या आणि आता सुईत दोरा ओवायला त्यांना खिडकीपाशी जावे लागे. रस्त्याच्या टोकाच्या मशीनवाल्याने बक्षीस म्हणून नवे शिलाई मशीन देऊ केले आहे, हे ऐकल्यावर त्यांनी हातातले काम खाली ठेवले. मशीन पायाचे आहे की हाताचे, असे विचारले. पायाचे आहे, असे कळल्यावर त्यांनी पर्समधून पैसे काढून तिथल्या तिथे एक तिकीट घेतले.

“घरी मशीन असतं ना, साहेब,” त्या म्हणाल्या, “तर मी माझं दार उघडून बसले असते. कुणाच्या दुकानाची वेळ सांभाळायला नको.”

बिनचूकांनी त्यांना पावती दिली आणि पावतीवरची तारीख तपासून घ्यायला सांगितले.

बटणे घरी आणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर हप्त्याहप्त्याने तोलली. सात किलो तीस ग्रॅम भरली. मोजणी शनिवारी करायची, दोनदा करायची, आणि दोन्ही वेळी एकच आकडा आला तरच तो ग्राह्य धरायचा, असा कार्यक्रम आखून त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला. शनिवारला चार दिवस होते. पण त्याआधी परवाना आला. म्हणजे आला नाही, हीच अडचण.

पैसे घेऊन बक्षीस द्यायचे तर तो जुगार नाही असा दाखला लागतो, ही माहिती विमेकाकांनी दिली, आणि ती देताना त्यांना झालेला आनंद लपला नाही. परवाना कार्यालयात पंखा होता, पण तो फायलींवर रोखलेला असल्याने फायली वजनांखाली होत्या आणि माणसे घामात. अधिकारी तरुण आणि सभ्य होते. सभ्य अधिकाऱ्याशी भांडता येत नाही, हा त्यांचा सर्वांत मोठा दोष. त्यांनी सांगितले की बरणी इथे आणावी, आमच्या समक्ष लाखेने सीलबंद करावी, आणि खरी संख्या पाकिटात घालून तेही सीलबंद करावे. उद्यापासून मी प्रशिक्षणाला जातो आहे. परतेन तो आपल्या कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी.

म्हणजे बरणी त्याच दिवशी, कार्यालय बंद होण्याआधी न्यायला हवी होती. बिनचूकांनी ती मांडीवर घेऊन रिक्षाने नेली. रस्ता खणलेला होता. पाऊण तास ती बरणी त्यांच्या मांडीवर थडथडत होती आणि ते तिला दोन्ही हातांनी धरून पोटच्या पोरासारखे जपत होते. हे थडथडणे वाचकांनी लक्षात ठेवावे. बिनचूकांनी ठेवले नाही.

अर्जात बाविसावा रकाना असा होता: ‘संख्या कशी निश्चित केली? प्रत्यक्ष मोजून / अन्य प्रकारे.’ बिनचूकांनी प्रामाणिकपणे विचारले की अन्य प्रकारे लिहिल्यास काय होते. अधिकारी म्हणाले की मग तज्ज्ञाचे मत जोडावे लागते. आपल्या भागात असे मत धान्य तपासणी प्रयोगशाळा देते. साधारण पंचेचाळीस दिवस लागतात.

ती प्रयोगशाळा बिनचूकांची. तिचे आताचे प्रमुख म्हणजे त्यांच्याच हाताखाली बावीस वर्षे काम केलेला माणूस, ज्याचे अहवाल त्यांनी लाल शाईने परत पाठवले होते. त्याच्यापुढे बटणांची बरणी घेऊन उभे राहण्याचे चित्र बिनचूकांनी डोळ्यांसमोर आणले, आणि लगेच पुसले.

शिवाय विज्ञान होतेच की. शंभर बटणांचे वजन काढायचे, त्यावरून एकाचे, आणि एकूण वजनाला त्याने भागायचे. ही पद्धत मोजण्यापेक्षा कमी प्रतिष्ठेची आहे असे कोण म्हणेल? टपालाच्या टेबलावर पाकिटे तोलायचा छोटा काटा होता. बिनचूकांनी बरणीत हात घातला, वरची शंभर बटणे काढली, तोलली, परत टाकली. एकशे ऐंशी ग्रॅम. भागाकार केला. तीन हजार नऊशे सहा. आकडा पाकिटात गेला. बाविसाव्या रकान्यात त्यांनी ‘प्रत्यक्ष मोजून’ या शब्दांभोवती गोल केला. मजकूर मुद्रांकावर टंकून आला: ‘सदर बरणीतील बटणे मी स्वतः, एकेक करून, मोजली आहेत.’ त्याखाली त्यांची सही झाली. एकतीस वर्षे तिच्यावर कोणी शंका घेतली नव्हती, अशी ती सही.

‘एकेक करून’ हे शब्द मसुद्यात आधीपासूनच होते, हे त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. फलकावर घड्याळाचे चित्र काढायचे तर काटे किती वाजता दाखवायचे यावर चर्चच्या समितीची दीड तास चर्चा झाली होती आणि शेवटी काटे न काढण्याचे ठरले होते. त्यामुळे फाटकावर एक मोठे पांढरे वर्तुळ टांगलेले होते आणि येणारा प्रत्येक जण ही थाळी कसली असे विचारत होता. ध्वनिक्षेपक भाड्याने आणला होता. तो जवळच्या लग्नाचा आवाज जास्त स्पष्ट पकडत होता. पण तिकिटे खपली. चारशे बारा तिकिटे, म्हणजे चारशे बारा अंदाज. मशीन बरणीशेजारी, रिबीन बांधून. काजवाल्या मावशी दोनदा येऊन त्याचे चाक बोटाने फिरवून पाहून गेल्या.

निकालाआधी बिनचूकांनी माइक हातात घेतला. फादरनी दोन शब्द बोलायला सांगितले होते. हे दोन शब्द सव्वीस मिनिटे चालले. अंदाज आणि मापन यांतला फरक, प्रमाणित चूक, निरीक्षणाची शिस्त. पुढे ते म्हणाले की श्रोत्यांपैकी कोणी आपला आकडा कसा काढला हे सांगावे, म्हणजे त्यातले शास्त्र आपण तपासू. कोणी उठले नाही. मग मागून काजवाल्या मावशी पुढे आल्या. त्यांना वाटले, विचारले आहे तर सांगायला हवे.

“छत्तीस ग्रोस,” त्या म्हणाल्या. मग लोकांकडे पाहून त्यांनी फोड केली: “एका ग्रोसमध्ये बारा डझन. म्हणजे पाच हजार एकशे चौऱ्याऐंशी.”

कसे काढले, असे बिनचूकांनी विचारले. त्या म्हणाल्या, काढलं नाही, दिसलं. रोज बटणं ओतते, भरते. इतकी बरणी भरायची तर इतकी लागणार.

बिनचूकांनी श्रोत्यांकडे वळून स्मित केले. हे स्मित पुढे त्यांना कित्येक दिवस आरशात दिसणार होते. ते म्हणाले की हे उदाहरण बोलके आहे. वर्षानुवर्षे काम केल्याने माणसाला आत्मविश्वास येतो, पण आत्मविश्वास म्हणजे मोजणी नव्हे. मावशींचा अंदाज तब्बल एक तृतीयांशाने चुकला आहे.

“इतकी कमी नसतील, साहेब,” मावशी हळूच म्हणाल्या. माइकने नेमके तेवढे स्वच्छ पकडले.

“मावशी, मी मोजली आहेत. एकेक करून.”

लोक हसले. वाईट हेतूने नव्हे. सव्वीस मिनिटांनंतर हसायला मिळाले म्हणून. मावशींनी मान हलवली, तिकिटाची चौघडी करून पर्समध्ये ठेवली आणि जागेवर जाऊन बसल्या.

पाकीट फोडले. तीन हजार नऊशे सहा. सर्वांत जवळचा आकडा तीन हजार नऊशे अकरा, आणि तो विमेकाकांचा होता. एवढे अचूक निरीक्षण कसे साधले, असे बिनचूकांनी त्यांना भारावून विचारले. विमेकाका म्हणाले, “कसलं निरीक्षण? माझ्या स्कूटरचा नंबर आहे तो.”

नशीब ही संकल्पना बिनचूकांना मान्य नव्हती, हे वर सांगितलेच आहे.

सोमवारी टेलरमास्तरांना बटणे परत करायची होती. दुपारी पत्नी बाहेर गेलेली. फ्रिजवर ‘मोजणी, दोनदा’ हा कागद अजून चिकटलेला होता, आणि एखादे काम कागदावर असून झालेले नाही हे बिनचूकांना सहन होत नसे. निव्वळ औपचारिकता म्हणून ते बसले. शंभराशंभरांचे ढीग. एकोणचाळीस ढीग झाले, वर सहा बटणे ठेवली, आणि त्यांनी समाधानाने हात झटकले. मग बरणीत पाहिले. बरणीत अजून बटणे होती. थोडी नव्हेत. तळाशी सगळी शर्टांची बारीक बारीक बटणे, मुंगीच्या वारुळासारखी.

त्यांनी पुढे मोजली. मग सगळी पुन्हा मोजली. पाच हजार दोनशे एकतीस. मावशींचा आकडा सत्तेचाळिसाने कमी होता. विमेकाकांच्या स्कूटरचा तेराशे वीसने.

चूक सापडायला त्यांना चार मिनिटेही लागली नाहीत, कारण ती त्यांच्या ओळखीची होती. थोरले-धाकटे दाणे एकत्र भरून हलवले की थोरले वर येतात. रिक्षाने पाऊण तास बरणी हलवली. कोटांची जाडजूड बटणे वर आली. त्यांतली शंभर तोलून बिनचूकांनी ती सगळ्या बरणीची प्रतिनिधी ठरवली. प्रयोगशाळेत नवीन भरती झालेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी पोत्यात खुपसायची पोकळ सळई हातात देऊन सांगत, वरचा माल कधी घेऊ नका, वरचा माल खोटं बोलतो. हे वाक्य त्यांनी भिंतीवर रंगवून घेतले होते. बहुधा अजूनही असेल.

पण चूक ही चूक असते, तिला दुरुस्ती असते. त्यांना टोचत होते ते दुसरेच. माइकवर ते जे बोलले त्यात चूक नव्हती. ते खोटे होते.

पुढचे तीन दिवस त्यांनी लाज वाटून न घेता हे प्रकरण मिटवण्याचे मार्ग शोधले. प्रथम विमेकाकांकडे गेले. मशीन त्यांच्या बैठकीच्या खोलीत होते, त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. विमेकाकांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि सांगितले की नियमावलीत कलम नऊ आहे: पाकिटातला आकडा अंतिम. लिहिलंय कुणी? बिनचूकांनीच. आयुष्यभर मी लोकांना बारीक अक्षरातला मजकूर दाखवत आलो, ते म्हणाले, आज पहिल्यांदा तो माझ्या बाजूने निघाला आहे. तो मोडा म्हणू नका.

मग मंगळवारी परवाना कार्यालय. अधिकारी प्रशिक्षणाहून परतले होते आणि अधिकच सभ्य झाले होते. संख्या दुरुस्त करण्याचा नमुना नाही, ते म्हणाले. मात्र प्रतिज्ञापत्र खोटे होते असे आपण लेखी दिल्यास पुढची कारवाई करता येईल. आपल्याविरुद्ध. दोन प्रतींत द्यावे. नाहीतर फाइल बंदच आहे, तशीच राहू दे. “आपल्यासारख्या माणसानं मोजलं म्हटल्यावर,” त्यांनी आदराने म्हटले, “आम्ही बरणीकडे पाहिलंसुद्धा नाही.”

हा आदर बिनचूक घरी घेऊन आले. त्याचे काय करावे हे त्यांना कळेना.

टेलरमास्तरांच्या दुकानासमोरून जाणे त्यांनी बंद केले. भाजीला मागच्या रस्त्याने जाऊ लागले. पत्नीने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी विचारले की समोरच्या रस्त्याचे काही बिनसले आहे का. त्यांनी सगळे सांगितले, आकडेवारीसह. आकडेवारी संपेपर्यंत ती थांबली.

“तुम्ही चुकलात म्हणून मला काही वाटत नाही,” ती म्हणाली. “पण ती बाई विचारलंत म्हणून पुढे आली होती हो.”

गुरुवारी घड्याळ दुरुस्त झाले. दुरुस्तीवाला शिडीवरून उतरला आणि सात वर्षांत प्रथमच मनोऱ्याचे काटे बिनचूकांच्या मनगटाशी जुळले. खिडकीतून ते दिसले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

त्याच दुपारी ते फादरना भेटायला चर्चमध्ये शिरले. आत जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. फादर लाकडी खोपट्यात बसून एकेकाच्या चुका ऐकत होते आणि बाहेर चार माणसांची रांग होती. बिनचूक रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर जाळीपाशी गुडघे टेकायचे असतात हे त्यांना माहीत नव्हते. ते वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, इंजिनात डोकावणाऱ्या मेकॅनिकसारखे उभे राहिले. सुरुवातीलाच त्यांनी स्पष्ट केले की आपला या पद्धतीवर विश्वास नाही. फादर म्हणाले, हरकत नाही, मागे रांग आहे, सुरू करा.

त्यांनी सांगितले.

“मला सांगून तुम्ही सुटाल,” फादर म्हणाले. “माझं कामच ते. पण मी त्या दिवशी हसलो नव्हतो. जे हसले त्यांना सांगा.”

रविवारी प्रार्थनेनंतर सूचना देण्याची वेळ आली तेव्हा बिनचूक तिसऱ्या बाकावरून उठले. पत्नीने त्यांच्यासाठी सरकून जागा केली होती आणि ती जागा मोकळी होताच शेजारणीने लगेच पर्स ठेवली. माइक तोच. त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर आकडे होते, आणि तो परत ठेवला.

ते म्हणाले की बरणीत पाच हजार दोनशे एकतीस बटणे होती. तीन हजार नऊशे सहा हा आकडा त्यांनी भागाकाराने काढला होता आणि भागाकारही चुकीच्या नमुन्यावर. बटणे त्यांनी मोजली नव्हती. मोजली असे शपथेवर लिहिले आणि याच माइकवर बोलले. काजवाल्या मावशींचा अंदाज सर्वांत जवळचा होता. “त्यांना मी सगळ्यांसमोर चूक म्हणालो,” ते म्हणाले, “म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक मी होतो. आणि खोटाही.”

चर्चमध्ये कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते, असे बिनचूकांना वाटले. दंतवैद्य जोडे न्याहाळत होते. विमेकाका छताकडे पाहत होते, जणू कलम नऊ तिथे लिहिलेले आहे. काजवाल्या मावशी सर्वांत मागच्या बाकावर होत्या. त्यांनी मान खाली घातली, जणू लाज त्यांनाच वाटली असावी. बिनचूकांनी ते पाहिले, आणि लाजेची वरची पायरी आपण समजत होतो तिथे नाही, एवढे त्यांना कळले.

मग विमेकाकू उठल्या. आयुष्यभर नवऱ्याचे बारीक अक्षर वाचलेली बाई. “मशीन टीव्हीच्या आड येतं,” त्या म्हणाल्या. “आजच घेऊन जा. फुलदाणी तेवढी ठेवा.” विमेकाकांनी काही म्हणण्यासाठी तोंड उघडले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. तोंड मिटले.

मशीन बिनचूकांनीच न्यायचे, असे कोणी ठरवले नव्हते. पण बाकी कोणी पुढे आले नाही, आणि आले असते तरी त्यांनी दिले नसते. भर दुपारी, सगळ्या रस्त्यादेखत, भाड्याने आणलेल्या हातगाडीवर मशीन घालून ते विमेकाकांच्या घरून निघाले. हातगाडीचे एक चाक डावीकडे ओढत होते. मशीन आडवे ठेवा, असे एकाने सांगितले. उभेच बरे, असे दुसऱ्याने. पट्टा आधी काढायला हवा होता, असे तिसऱ्याने, गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर. दंतवैद्यांनी गच्चीवरून, कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा, असे ओरडून सांगितले. बिनचूकांनी प्रत्येकाचे ऐकले आणि प्रत्येकाला ‘बरं’ म्हटले. वरचा माल खोटं बोलतो, हे त्यांना वाटेत दोनदा आठवले.

मावशींचे घर गल्लीच्या शेवटी, एका खोलीचे. दार उघडेच होते. मशीन आत खिडकीखाली बसवले. मावशींनी चाक फिरवले, पायडलवर पाय ठेवला, काढला. चहा ठेवते, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. बिनचूक दारात उभे होते आणि काय बोलावे हे त्यांनी तयार करून आणलेले नव्हते.

“मी तेव्हा घरी आले,” मावशी मशीनकडेच पाहत म्हणाल्या, “आणि डब्यातली सगळी बटणं ओतून मोजली. म्हटलं, सत्तावीस वर्षं माझाच हात चुकत आला की काय. रात्रभर टोचत राहिलं ते. तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात ना.”

बिनचूकांनी हात आधी पाठीमागे नेले, मग खिशात घातले, मग बाहेर काढले.

मावशींनी कोपऱ्यातून एक कापडी पिशवी आणली आणि उंबऱ्याशी ठेवली. टेलरमास्तरांच्या कामाची शेवटची बटणे, परत पाठवायची.

“यातली एक ग्रोस वेगळी काढून द्या,” त्या म्हणाल्या. “बसा. घाई नाही.”

बिनचूक उंबऱ्यावर बसले. पिशवीच्या तोंडाशी मोठी बटणे होती. त्यांनी पिशवी पूर्ण उलटी केली, बटणे मांडीवर पसरली, आणि मोठ्याने सुरुवात केली. एक. दोन. तीन. गल्लीतून जाणारी माणसे थांबून पाहू लागली. काही ओळखीची होती. एकशे चव्वेचाळीस झाली तेव्हा मावशींनी वर पाहिले नाही. बिनचूकांनी ती एकशे चव्वेचाळीस पुन्हा ढिगात मिसळली, आणि पहिल्यापासून मोजायला घेतली.

मनोऱ्यावर पाचचे ठोके पडले, बरोबर पाचला. त्यांनी मनगटाकडे पाहिले नाही. त्यांची अठ्ठावन्न बटणे झाली होती.